आधी माझी बाजू मांड

शनिवारची संध्याकाळ. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या गच्चीवर येरझारा घालत मी मोठमोठ्यानं बोलत होतो. खालून बायकोनं विचारलं, "अहो, भांडताय कुणाशी?" "यशवंताशी!" म्हटलं. "उद्या त्याला गप्प करतो की नाही बघ!" आमच्या रविवारच्या वादाची तालीम चालली होती, आणि या खेपेला तयारी अशी झक्क झाली होती, की कधी एकदा उजाडतंय असं झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला. यशवंत गजभियेची मुलगी सुजाता. "अंकल, पापा नहीं रहे. दोपहर को सोए, फिर उठे ही नहीं…" आणि मी काय म्हणावं? "अगं, पण उद्या आमचं ठरलंय!" काही आठवडे झाले, अजून मला ते खरं वाटत नाही.

यशवंता नागपूरचा, घर बौद्ध. इथं विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा. मी चिपळूणचा, वनस्पतींवर संशोधन करायला लखनौला आलो आणि इथलाच होऊन बसलो; आईनं दुधाबरोबर वेदान्त पाजलेला. तेलीबागेच्या बाजारात भाजी घेताना मी महागाईवर मराठीत पुटपुटलो, तर मागून आवाज आला, "कोकणातले का जी?" त्या दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन जे बोलत सुटलो, ते आयुष्यभर. त्याच्या घरी एक नियम होता, जुन्या वादपरंपरेतून उचललेला. समोरच्याचं खोडायचं असेल, तर आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. तो स्वतः "हो, हेच माझं म्हणणं" म्हणत नाही, तोवर खोडायचा हक्क नाही. "अबे, हे कोणा एकाचं नाही!" टेबलावर थाप मारून तो सांगायचा. "बौद्ध, जैन, नैयायिक, तुमचे वेदान्ती, सगळे हेच करत होते. शतकानुशतकं एकमेकांची मतं घोकून भांडले, म्हणून तर एकमेकांत इतके मुरले. तुमच्याच आचार्यांना तुमच्याच लोकांनी छुपे बौद्ध म्हणून टाकलं ना!"

शेजारचे मिर्झासाहेब फारसी शिकवून निवृत्त झालेले. एकदा यशवंतानं त्यांच्यापुढे सूफींचा फ़ना मांडला, म्हणजे ईश्वरात 'मी' पुरता विरून जाणं. मिर्झासाहेब खुर्चीतून उठलेच. "गजभिये साहब, यही! बिल्कुल यही!" की लगेच यशवंता डोळे मिचकावून म्हणाला, "अब बताइए, जब 'मैं' ही न रहा, तो ख़ुदा से मिला कौन?" मग काय विचारता! चहा निवला, जेवण राहिलं, दोघांपैकी कुणी हटेना. माझ्या आत्म्याची बाजू तर त्यानं अशी मांडली होती, की मला माझी आईच बोलतेय असं वाटलं आणि डोळे भरून आले. आणि मी? वर्षानुवर्षं त्याची बाजू मांडत होतो आणि तो मान हलवत होता. "तुमच्या मते आत्मा नाही, म्हणजे शेवटी काहीच नाही," मी म्हणायचो. "हे माझं मत नाही बे. हे तुझं माझ्याबद्दलचं मत आहे." त्याचा होकार नाही, तोवर मला खोडायचा हक्क नाही! नुसता जळफळाट व्हायचा. गच्चीवरची ती तालीम त्या होकारासाठी होती… आता तो देणार कोण?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे आपलं पुण्य गेलेल्याच्या नावे वाहतात त्या दिवशी, त्रिशरण झालं, पंचशील झालं, नागपूरचे नातेवाईक जेवून निघाले. सुजाता अमौसीच्या विमानतळावर एका विमान कंपनीत नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी हिंदीत. दिवसभर खंबीर असलेली ही पोर माझ्यापुढे येऊन बसली. "अंकल, सच बताइए. पापा कहते थे आत्मा होती ही नहीं. तो यह पुण्य हमने भेजा किसको? पापा कहीं हैं भी, या… बस, ख़त्म?"

"बाळ, आत्मा अमर आहे," हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. पण घर यशवंताचं होतं. तिथं स्वतःचं घोडं आधी पुढं दामटायची सोय नव्हती.

म्हटलं, "घरी दही लावतेस ना? कालच्या दह्याचं विरजण दुधात घालतेस. आज लागतं ते कालचंच दही का?"

"नहीं."

"मग कालच्याशी त्याचा संबंधच नाही?"

"ऐसे कैसे? उसी से तो जमा."

"बघ! कालच्या दह्यातून कुणी उठून दुधात शिरलं नाही. आणि तरी ते नसतं, तर दूध दूधच राहिलं असतं. तुझ्या बापाचं म्हणणं एवढंच. तो कुठं गेला विचारू नकोस, तो एका जागी ठेवलेली वस्तू कधी नव्हताच. त्याच्यामुळे काय काय लागलंय ते बघ. चिडलेल्या प्रवाशाचंही तू आधी पुरतं ऐकून घेतेस, ते कुणाचं गं? आजचं पुण्य तिथं पोचलं."

ती रडली. खूप रडली. मग म्हणाली, "हाँ अंकल… यही. पापा की बात बिल्कुल यही थी."

अहो, मिळाला! इतक्या वर्षांनी होकार मिळाला! हसू का रडू, मला कळेना. आणि ही पोर डोळे पुसून म्हणते कशी, "अब काटिए इसे."

"अगं, आज? आज राहू दे."

"पापा छोड़ते?"

छे! तो कसला सोडतोय! मी बाह्या सरसावल्या. "ऐक तर मग! दही बदललं, मान्य. पण बदललं हे ज्याला कळलं, तो बदलला का? तो कोण?"

सुजातानं मला हातानं थांबवलं. पाय वर घेऊन नीट मांडी घातली, घसा खाकरला, आणि अडखळत, शब्द शोधत, पण चक्क मराठीत म्हणाली, "थांबा काका. तुमचं म्हणणं असं आहे, की…"