शाल त्याची, सर्व्हर माझा

पुणतांब्याच्या वेशीजवळ माझ्या मित्राचा फ्लेक्स लागला होता. खाली ठळक अक्षरांत 'पाणीपाळी सॉफ्टवेअरचे जनक'. नगरहून त्याला सत्काराला मीच माझ्या गाडीतून आणत होतो. फ्लेक्स दिसताच तो म्हणाला, "जरा हळू घे ना." मी वेग वाढवला.

कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी, हे मोबाईलवर दाखवणारं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. ते त्यानं लिहिलं, हे खरंच आहे. पण ते ज्या सर्व्हरवर चालतं तो मी सांभाळतो. बॅकअप, अपडेट, जागा किती उरली, कोणाला आत शिरू द्यायचं, या सगळ्याची माझी यादी आहे. नोकरीवर जाण्याआधी रोज सकाळी मी तिच्यावर खुणा करतो. त्यानं नवं बटण टाकलं की कौतुक होतं. सर्व्हर बंद पडला नाही म्हणून कोणी कोणाला हार घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला ती शाल हवी होती. निदान माइकवर एकदा नाव तरी.

मी मागच्या रांगेत बसलो. शाल झाली, नारळ झाला, भाषण सुरू झालं. त्याचा आवाजही चांगला आहे, हे आणखी एक. सगळं भाषण 'मी'चं. 'आम्ही' एकदाही नाही. मग "आता प्रत्यक्षच दाखवतो" म्हणाला, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

कारण मला लगेच कळलं. कार्यक्रम असला की 'एक कॉपी जवळ असू दे' म्हणून तो सगळ्या माहितीची नक्कल सर्व्हरवरच टाकून ठेवतो. मग जागा भरते आणि सगळं अडकतं. सांगून सांगून मी थकलो. स्टेजवरून त्याची नजर मला शोधत होती. मी हाताची घडी घातली. बोलाव ना आता नावानं!

"नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय," तो माइकवर म्हणाला.

माझ्या शेजारी बसलेले एक शेतकरी आपला मोबाईल झटकत होते. "माझी पाळी आज दुपारी हाय का उद्या, काय दिसंना. हुकली तर कांदा गेलाच म्हना."

त्यांच्याकडे बघून मी घडी सोडली. मोबाईलवरूनच सर्व्हरवर शिरलो, ती नक्कल पुसली, सगळं पुन्हा सुरू केलं. पडद्यावर पाळ्यांचा तक्ता उमटला. टाळ्या पडल्या. त्यानं लोकांना हात जोडले.

"आलं बघा! दुपारचीच हाय," शेजारी खूश झाले. मग माझ्याकडे वळले. "पाव्हनं, मानूस तिथं यवढं सांगतंय आन् तुमी मोबाईलात डोकं घालून बसलाय व्हय? ऐकत जावा जरा. शिकाया मिळतं."

परतताना राहुरीच्या अलीकडे त्यानं नारळ माझ्यापुढे ठेवला. "हा तुला. तू होतास म्हणून निभावलं, लेका."

"हे माइकवर म्हणायचं होतंस."

"अरे, लोकांना सर्व्हर काय कळतोय!"

नारळ मी घेतला, चटणीला होतो. शाल त्याच्या मांडीवर होती. नगर येईपर्यंत तो तिच्या काठावरून हात फिरवत होता.

घरी पोचल्यावर चहाआधी मी त्याची सर्व्हरवर शिरायची परवानगी काढून टाकली आणि यादीवर खूण केली. आता नक्कल हवी असेल तर त्याला माझ्याकडे मागावी लागेल. माइकवर मागितली तरी चालेल.