कापसाच्या घरातली मशीन

त्या वर्षी घर कापसाचं होतं आणि आम्ही त्यात भाडेकरू होतो. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, मधली अर्धी. उरलेल्या अर्ध्या खोलीत सासूबाईंची खाट, धान्याच्या कोठ्या आणि आमची ये-जा. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागे, आणि तरी केसांत, चहात, कणकेत कापूस यायचाच. खाज सुटायची ती वेगळी. पाहुणा आला की थोड्याच वेळात मान खाजवायला लागायचा, आणि मी मनात म्हणायचे, बसा, अजून चहा यायचाय.

मेहकर तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा गावातल्या बहुतेक घरांची हीच गत होती. आदल्या वर्षी लोकांनी घाईनं कापूस विकला आणि मग भाव असा चढला की विकून बसलेल्यांना अन्न गोड लागेना. सासूबाईंनी तर दिवाळीआधीच विकला होता. व्यापाऱ्यानं नाही, आपल्या घाईनंच आपल्याला लुटलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यामुळे या वर्षी भाव आल्याशिवाय बोंडही बाहेर जाणार नव्हतं.

सासूबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. शेत त्यांच्या नावावर आणि घरातला शब्दही त्यांचाच. बीटी बियाण्याची पाकिटं गावात आली तेव्हा ती लावणाऱ्या पहिल्या दोन-चार घरांत आमचं घर होतं. सुरुवातीच्या वर्षांनी घरावर स्लॅब टाकला, आमचं लग्न लावून दिलं. पुढे गुलाबी बोंडअळी आली, फवारण्या वाढल्या, वेचायला बाया मिळेनात. तरी सासूबाईंच्या मनातला कापूस त्या पहिल्या वर्षांचाच राहिला. माझे हे म्हणजे त्यांचे एकुलते एक चिरंजीव. आईसमोर ह्यांचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला.

कोरोनातून सासूबाई उठल्या, पण श्वास काही पहिल्यासारखा झाला नाही. आधीच जन्मभर चुलीचा धूर खाल्लेला. त्या हिवाळ्यात न्हाणीपर्यंत जाऊन आल्या तरी ओठ जांभळे पडायला लागले. मेहकरच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून पाहिला आणि सांगितलं की फुफ्फुसं कडक झालीत, ती आता सुधारायची नाहीत, घरी ऑक्सिजनची मशीन लावा. शेजारच्या मेडिकलवाल्यानं मशीनचं महिन्याचं भाडं सांगितलं, वर अनामत सांगितली. नवीन घ्यायची तर काय पडेल ते ऐकून हे दुकानाच्या पायरीवरच बसले.

मशीन मिळाली ती सुलतानपूरला. तिथं कटलरीचं दुकान चालवणाऱ्या एका मुस्लिम बाईंकडे एक पडून आहे असं माझ्या माहेराहून कळलं. दुसऱ्या लाटेत त्यांनी नवऱ्यासाठी मागतील तेवढे पैसे मोजून ती मागवली होती. मशीन घरी पोचली तेव्हा नवरा दवाखान्यात होता, आणि तो तिथूनच गेला. दोन वर्षं ती त्यांच्या घरात कापड टाकून ठेवलेली. मी पैशाचं नाव काढताच त्यांनी हातानं थांबवलं.

"इकायची नाई ताई. घेऊन जा. तुमचं काम झालं की ज्याले लागते त्याले द्या. फक्त इकू नका."

काम झालं की, म्हणजे काय झालं की, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. त्यांनी ते कापड घडी करून माझ्या हातात दिलं आणि मशीनला उन्हात ठेवू नका म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिली चौकशी किमतीची केली. फुकट मिळाली म्हटल्यावर नळी नाकाला लावू देईनात. मेलेल्या माणसासाठी आणलेली होती याचं त्यांना काही नव्हतं, फुकटची होती याचं होतं. शेवटी त्यांनी एका गादीला पुरेल एवढा कापूस गाठोड्यात बांधायला लावला आणि ह्यांना तो घेऊन मोटारसायकलवर सुलतानपूरला पिटाळलं. बाईंनी ठेवून घेतला असा फोन आला तेव्हा कुठं नळी लागली. मशीनची किंमत म्हणून आम्ही दिलं ते एवढंच, आणि उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरातून बाहेर पडलेला कापूसही तेवढाच.

पहिले काही दिवस फार चांगले गेले. सासूबाई उशाला टेकून बसू लागल्या, भाकरी मागून घेऊ लागल्या, माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगण्याइतका दम त्यांना आला. मशीनला त्या म्हैस म्हणायच्या. घुरघुर करते, करंट खाते आणि दूध काही देत नाही. वीज गेली की मशीन शिटी मारायची, मग मी धावत जाऊन वेळेला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर चालू करायचे. सिलिंडर संपला की हे मेहकरला पळत. पण निभत होतं. मला वाटायला लागलं होतं की असंच निभेल.

मग मशीनचा पिवळा दिवा लागायला लागला. नळीतून वारा येई, पण सासूबाईंचे ओठ जांभळेच. मेडिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मागची जाळी काढून पाहा. मी जाळी काढली. तिच्यावर कापसाचा जाड थर बसला होता, वाती वळता आल्या असत्या एवढा. जाळी धुतली, वाळवली, लावली. दिवा गेला. दोन दिवसांत पुन्हा लागला. मग रोज धुवायला लागले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावरच चिडले. मशीनच्या जाळीत एवढा कापूस बसतो तर बाईच्या छातीत किती बसत असेल, म्हणाले. एक तर कापूस घराबाहेर काढा नाही तर पेशंट.

मी घरी येऊन शब्द न शब्द सांगितला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मले भायेर काढा," त्या म्हणाल्या. "कापूस नाई निघत."

मला आधी वाटलं त्या चिडून बोलतायत. तसं नव्हतं. त्यांनी सगळा विचार केलेला होता. कापूस अंगणात ठेवला तर अवकाळी पाऊस यायची भीती, ठिणगी पडायची भीती, चोरीची भीती. भाऊबंदांच्या घरी ठेवावा तर त्यांचीच घरं भरलेली. माणसाचं तसं नसतं, माणूस कुठंही राहतं. निम्मा तरी विकू म्हटलं तर नाही. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे कोठीवरचा कापूस वेचत उभे. मी म्हणाले, अहो, बोला काहीतरी. हे म्हणाले, आई म्हणते तेही खोटं नाही.

असा कापूस घरात राहिला आणि माझी सासू गोठ्यात गेली. गोठ्याचा एक कोपरा शेणानं सारवून घेतला, बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला, घरातून वायर ओढली. लोकांनी नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण कोणी ठेवली नाहीत. शेजारणी येऊन बसायच्या, हवेशीर झालं म्हणायच्या आणि कापसाच्या भावाचं बोलायच्या.

मार्च सरला तसे गोठ्यावरचे टिन तापायला लागले. मशीन तापून आपोआप बंद पडायची. मी टिनांवर ओली पोती टाकायचे, ती तासाभरात कडक व्हायची. टेबलपंखा माणसाकडे करावा की मशीनकडे, हेही मला कळेनासं झालं होतं. भाव मात्र चढायच्या ऐवजी उतरत होता. सासूबाईंची खाट अशी ठेवलेली होती की त्यांना पुढच्या खोलीचं दार दिसावं. मी आत जाताना आणि बाहेर येताना त्या माझ्या हाताकडे पाहायच्या.

शेवटी माझा संयम संपला. ह्यांना फक्त सांगितलं, विचारलं नाही. व्यापाऱ्याला मीच फोन केला आणि दुपारी, सासूबाई झोपल्यावर, गाडी घेऊन या म्हणाले. तो आला. हमालांनी काटा टांगला, पोती आणि खोरी काढली. आम्ही सगळे हळू बोलत होतो. पण काट्याच्या साखळीचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकलेला. त्यांनी नळी काढून फेकली आणि भिंत धरत, अंगण ओलांडून, पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. बोलता येत नव्हतं. छाती नुसती वरखाली होत होती आणि आम्ही सगळे त्यांना शब्द सुचायची नाही, श्वास मिळायची वाट पाहत उभे होतो.

"आधी मले उचला," त्या म्हणाल्या. "मंग कापूस."

नळी तिथवर पोचत नव्हती. मी मशीन ढकलत आणायला धावले तर वायर पुरेना. मी त्यांच्यावर ओरडले, पाया पडले, पुन्हा ओरडले. व्यापारी ओळखीचा होता. मान खाली घालून म्हणाला, बाई, अशानं मी कापूस नेत नाही, माझ्याही घरी आई आहे. गाडी गल्लीतून दिसेनाशी झाल्यावरच त्यांनी आम्हाला उचलू दिलं.

नळी लागल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. रागात मी जवळ गेले नाही, लांबच उभी राहिले.

"मले काय करायचाय आता कापूस?" त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच ठेवून राह्यली ना मी."

त्या हट्टी असत्या, लोभी असत्या, तर मी भांडले असते. भांडायची मला सवय होती. पण त्या आमच्यासाठी मरत होत्या आणि आम्ही ते थांबवू शकत नव्हतो.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. हे सिलिंडर भरून आणायला गेले होते. मशीननं शिटी मारली आणि गप्प झाली. मी त्यांना टेकवून बसवलं आणि पदरानं वारा घालायला लागले. वाऱ्यानं काही होणार नाही हे मला माहीत होतं, तरी घालत राहिले, कारण हात रिकामे ठेवणं मला जमत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. वीज आली, मशीन पुन्हा घुरघुरायला लागली, पण तोवर त्यांची पकड सुटली होती. मी बटण बंद केलं.

तेराव्यानंतर कापूस गेला. त्या दुपारी व्यापारी देत होता त्याहूनही कमी भावानं. पुढची खोली झाडायला मला सबंध दिवस लागला.

मशीन मी स्वच्छ पुसून ठेवली आणि सुलतानपूरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढे द्या. ते मला सोपं वाटलं होतं. लवकरच हिवरा आश्रमाकडच्या एका गावातून एक माणूस वडिलांसाठी मशीन मागायला आला. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं सोबतच आणली होती. मी चिठ्ठी पाहिली नाही. विचारलं, घरात कापूस आहे का?

"हाव," तो म्हणाला. "आमचा अजून इकला नाई."

मी म्हणाले, मग आधी कापूस काढा, नंतर मशीन न्या. तो गोंधळला. त्याला वाटलं मी कापूस मागतेय, मोबदला म्हणून. मी सगळं समजावून सांगितलं, जाळीचं, छातीचं, गोठ्याचं. तो ऐकत होता, हो हो म्हणत होता, आणि मला दिसत होतं की तो काढणार नाही. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, देऊन टाक. मी दिली नाही. तो गेला तेव्हा मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकून परत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत गोधडीवर त्याचे वडील बसलेले, दोन्ही हात ट्रॉलीच्या काठाला धरून, तोंड उघडं. मुलगा खाली उतरून उभा राहिला. मी ट्रॉलीजवळ गेले. म्हाताऱ्यांचे ओठ मला ओळखीचे होते. मी त्यांना म्हणाले, बाबा, तुम्ही तरी सांगा ना मुलाला, कापूस काढ म्हणून.

ते बोलायला लागले आणि थांबले, पुन्हा लागले.

"माहं कोन आयकते, बाई? कापूस काढनं माह्या हातात हाय का? तुह्या हातात मशीन हाय."

ह्यांनी मशीन बाहेर आणून ट्रॉलीत चढवली. मी वर चढले, मागची जाळी काढून म्हाताऱ्यांना दाखवली, रोज धुवायची, पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही असं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मुलानं विचारलं, परत कधी आणून देऊ?

परत आणू नका, पुढे द्या, मी म्हणाले.