तंबूतला टीव्ही आणि आमचे हे

आमचे हे टीव्ही दुरुस्त करायचे. तेहतीस वर्षं दुकान चालवलं. गिऱ्हाईक रडवेल्या तोंडाने यायचं, "काका, चित्र हलतंय हो!" हे संचाच्या बाजूला एक थाप मारायचे, की चित्र जागेवर. मग आठवडाभर गल्लीत यांचंच नाव, आणि घरात यांची मान ताठ. बोलायला माणूस अगदी सरळ, पण हातांचा काही भरवसा नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं.

दर सुट्टीत आम्ही तळ्याकाठी तंबू ठोकतो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. लोक अशा ठिकाणी झाडं बघायला जातात. आमच्याकडे गाडीत आधी टीव्ही चढतो, मग तंबू. चौदा इंची, पाठ फुगलेला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा संच. दुपारी तंबूवर जाड ब्लँकेटं टाकून अंधार करायचा आणि दाटीवाटीने बसून पिक्चर बघायचा, हा आमचा निसर्ग!

आणि दर वर्षी, खुनी कोण ते कळायची वेळ आली रे आली, की टीव्ही बंद. "थांबा, घाबरू नका," म्हणत हे असे उठायचे, जणू बोलावण्याचीच वाट बघत होते. मुलाने टॉर्च धरायचा, सुनेने मागचं झाकण, नातीने ओंजळीत स्क्रू. वीस मिनिटं सगळं घर यांच्या भोवती. चित्र आलं की टाळ्या.

एकदा ठीक, दोनदा ठीक. सलग चार वर्षं? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढच्या खेपेला मी मुद्दाम यांच्या मागे मटार सोलत बसले. डोळे मटारावर नव्हते, हे सांगायला नको. खुनी दार उघडायला आणि यांच्या पायाचा अंगठा हळूच बॅटरीकडे सरकायला एकच गाठ पडली. अंगठ्याने वायर काढली हो या माणसाने! पुन्हा लावायला क्षण पुरला असता, पण यांनी मागचे सगळे स्क्रू काढायला लावले.

मी तोंड शिवून बसले. दुकान बंद होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. भिंतीवरचे सपाट टीव्ही आले, बिघडला की लोक सरळ नवा आणायला लागले. घरातही यांना कोणी काही विचारेना. राग आला तसं वाईटही वाटलं मला. पण संशय एकदा बसला की बसला. त्यानंतर घरातला बल्ब जरी गेला तरी मी आधी यांच्याकडे बघायची.

यंदा मुलाने नवीन प्रोजेक्टर आणला. साबणाच्या डबीएवढा. "बाबा, आता तुम्हाला त्रास नाही. तुम्ही फक्त आरामात बघायचं." हे म्हणाले, "वा, वा." दोनदा वा म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. टीव्ही घरी राहिला, पण हत्यारांची पेटी मात्र गाडीत आली. "ही कशाला?" म्हटलं, तर "असू दे गं!"

सकाळी सगळे पाण्यात उतरले. यांची पाठ नेमकी तेव्हाच दुखायला लागली. मी टॉवेल न्यायला परत आले तर हे ती डबी मांडीवर घेऊन उलटीसुलटी करतायत. मला बघताच खाली ठेवली.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघतोय."

चोर! आता मला शंकाच उरली नाही.

दुपारी पिक्चर लागला. तंबूच्या भिंतीवर पांढरी चादर, केवढं मोठं चित्र! नायिका पत्र फोडते न फोडते तोच मिट्ट काळोख. माझं डोकंच फिरलं.

"झालं? केलंत ना शेवटी? दर वर्षीची ही नाटकं मला माहीत नाहीत होय? अंगठ्याने वायर काढताना या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

सुनेने ब्लँकेट सारलं. उजेड आला आणि सगळ्यांच्या नजरा यांच्यावर. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बंद करायचात?"

"करायचो," हे म्हणाले. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण आज मी नाही केलं."

मुलाने डबी उचलून पाहिली आणि चाचरत म्हणाला, "आई, चार्जिंग संपलंय. मीच विसरलो रात्री लावायला."

तिथे तरी मी गप्प बसावं की नाही? पण जित्याची खोड. "मग सकाळी काय करत होतात तिच्याशी?"

यांनी मुलाच्या हातातून डबी घेतली, एकदा सगळीकडून फिरवली आणि माझ्यापुढे धरली. "स्क्रू शोधत होतो. एकही नाही बघ. ही उघडतात कुठून, तेच मला कळलं नाही. मी काय बिघडवणार?"

माझ्या तोंडून "अहो" एवढंच निघालं, आणि मी ती डबी यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.