पोच घेतल्याशिवाय नाही

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर मावशींना कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. बदलून आलेला साहेब दोन दिवस "शिपाईबाई" म्हणे, तिसऱ्या दिवसापासून त्याच्याही तोंडी "मावशी" बसे. काम म्हटलं तर साधं. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी रोज सकाळी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि दोन रस्ते ओलांडून मदत खात्यात पोचवायची. ती पाहून तिकडचे लोक रुग्णांच्या घरी मदतनीस धाडत. दोन्ही खात्यांकडे संगणक होते, पण त्यांचा आपसात अबोला होता, भांडलेल्या जावांसारखा. मग मधे निरोप नेणारं कुणीतरी हवंच. अकरा वर्षं ते काम मावशींकडे होतं.

पेनड्राइव्हसाठी यजमानांनी जाड कापडाचा बटवा शिवून दिला होता. शिंपीकाम सोडलं तरी त्यांचा हात सुटला नव्हता. बटवा कमरेला, पोचवही काखेत. यादी घेताना इकडच्याची सही, देताना तिकडच्याची. तारीख आणि वेळ घातल्याशिवाय मावशी जागच्या हलत नसत, मग समोरचा कितीही करवादो.

घोळ एकच होता. पेनड्राइव्हला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असे, कारण तिकडच्या माणसाच्या तो लक्षात राहत नसे. "साहेब, कुलपालाच किल्ली बांधलीय तुम्ही," असं मावशींनी तीनदा सांगून पाहिलं. साहेब नुसते हसले. शिपायाचं ऐकलं तर खुर्चीची उंची कमी होते असं काही लोकांना वाटतं.

मग व्हायचं तेच झालं. तिकडच्या टेबलावर पडलेला पेनड्राइव्ह कुणीतरी चिठ्ठी वाचून उघडला. साडेचार हजार रुग्णांची नावं, आजार आणि फोन नंबर इंटरनेटवर चव्हाट्यावर आले. गहजब झाला. विधिमंडळाच्या समितीनं साहेबांना जाब विचारायला बोलावलं. आदल्या दिवशी साहेबांनी मावशींपुढे एक टाईप केलेला कागद सरकवला: 'पेनड्राइव्ह माझ्याकडून वाटेत हरवला.'

"कधी हरवला?" मावशींनी विचारलं.

"मावशी, नुसता सोपस्कार आहे हो. आम्ही तुम्हाला सांभाळून घेऊ."

"हरवलाच नाही, तर सही कसली करू?"

"मग निलंबन अटळ आहे. विचार करा."

घरी सुनेचा जीव वरखाली होत होता. "आई, करून टाका ना सही. एवढ्या मोठ्या माणसांशी कशाला वाकडं घेता?"

"मोठी माणसं चुकली की लहानांनी हरवायचं, होय गं?" मावशी कडाडल्या. सुनेवर नव्हे, त्या कागदावर. संताप त्यांच्या अंगात मावत नव्हता. नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण अकरा वर्षांच्या चोख कामावर 'वेंधळी' असा शिक्का बसणं त्यांना त्याहून झोंबत होतं.

यजमान कोपऱ्यातून म्हणाले, "मी शिवलेल्या बटव्यातून काही पडत नाही. त्यांना म्हणावं, टाके मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी घाईघाईत वहीवर सही केली आणि नेहमीसारखी यादी मावशींच्या हवाली केली. "आधी समितीचं उरकू, मग तिकडे जा." मावशी समितीच्या दालनाबाहेर बाकावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांना आत बोलावलं तेव्हा साहेब माइकवर ठासून सांगत होते, "दोन्ही खात्यांचे संगणक वर्षभरापासून थेट जोडलेले आहेत. पेनड्राइव्ह नेणं आम्ही कधीच बंद केलंय. या बाईंनी परस्पर नेला आणि हरवला. त्या कबूल करतील."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कबूल आहे?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "मॅडम, संगणक जोडलेत ना? मग आजची यादी मदत खात्यात पोचली का, एवढं फोन करून विचारा."

साहेब काहीतरी बोलू लागले. अध्यक्षबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि टेबलावरचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावायला सांगितला.

"यादी? नाही आली अजून," पलीकडून वैतागलेला आवाज आला. "मावशींचाच पत्ता नाही आज. त्या आल्याशिवाय यादी कशी येणार? इथे मदतनीस खोळंबलेत."

साहेब समोरच्या फायलीत तोंड घालून बसले.

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. "आणा इकडे तो पेनड्राइव्ह."

मावशींनी बटवा काढला, पण मुठीतच ठेवला. दुसऱ्या हातानं पोचवही टेबलावर उघडली. आजच्या ओळीत साहेबांची सही होती, शाई अजून ताजी.

"आधी पोच द्या मॅडम. सहीशिवाय मी कुणालाच देत नाही."

अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि सही केली.

"वेळपण घाला," मावशी म्हणाल्या.

त्यांनी वेळ घातली. मग मावशींनी बटव्याची नाडी सोडली आणि चिठ्ठीची बाजू वर करून पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.