मामांचा डबा आणि समीक्षाचं कराटे

आमच्या अख्ख्या तालुक्यात माझ्या मामांइतका भित्रा माणूस सापडणार नाही, आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्या भित्रेपणामुळेच. कॉलेजच्या बसपर्यंतचा रस्ता जंगलातून जायचा. मामा रोज तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत माझ्या मागून चालायचे. आवाजाने वाघ बिचकतो, एवढाच त्यांचा आधार. बाजारातही ते झाडीकडे पाठ करून बसत नाहीत. चपलेचा पट्टा सुटला तर खाली न वाकता ती घरापर्यंत फरफटत नेतात. मोहफुलं वेचताना वाकलेली शेजारीण वाघाने नेली, तेव्हा ते तिथेच होते. "वाकला का गेला, बाबू. वाकलेला माणूस वाघाले जनावरच दिसते."

गेल्या वर्षी त्यांची नात समीक्षा आठवीत गेली आणि सायकलने त्याच रस्त्यावरून शाळेत जाऊ लागली. एके दिवशी नाल्याच्या पुलावर मोटरसायकलवरच्या दोघा पोरांनी तिला अडवलं. सायकल तिथेच टाकून ती शेतांतून पळत घरी आली. मुलगा-सून तिची शाळाच बंद करायला निघाले. मामा म्हणाले, "शाळा नाई बंद होत. पोरीले लढणं शिकवू." आणि कोणतं लढणं ते ठरवायला, समीक्षाला आणि शिकलेला म्हणून मला घेऊन, तालुक्याच्या गावी निघाले.

त्यांची कसोटी मात्र एकच: वाघासमोर चालेल का? ज्युदोत मुलं एकमेकांना गादीवर पाडत होती. "हे त आयतेच खाली पडून राह्यले!" तायक्वांदोतली उंच लाथ पाहून म्हणाले, "एका पायावर उभी राह्यली त पळन कशी?" लाठी पसंत पडली, पण शाळेत काठी नेऊ देईनात. शेवटी कराटेचा वर्ग. मामा खुशीत बघत होते, तोच सगळ्या मुली शिकवणाऱ्या मॅडमना नमस्कार करायला कंबरेतून वाकल्या. मामांनी समीक्षाचा दंड धरला. "चाल घरी. इथी त पह्यलेच वाकवते!"

"आबा," ती हळूच म्हणाली, "मले वाघाचं भेव नाई वाटत. त्या पोरायचं वाटते."

मामांनी तिचा दंड सोडला.

मॅडम जवळ आल्या. "काका, वाकायचं, पण समोरच्यावरची नजर काढायची नाही. हे बघा." मामांनी पाहिलं. मग म्हणाले, "शिकवा."

समीक्षाची शाळा सुरू आहे. पहिले काही दिवस मामा डबा बडवत तिच्या सायकलमागे धावायचे. मग तिनेच थांबवलं. "आबा, डबा नोका वाजवू. मागून गाडी आली त मले ऐकू नाई येत."

मागच्या आठवड्यात गावी गेलो, तर सकाळी मामा पुलावर उभे होते, डबा पोटाशी धरून. समीक्षाची सायकल वळणाआड गेली. जंगल अगदी शांत होतं.

"बाबू," ते कुजबुजले, "तुले काई गाडीगिडी ऐकू येते काय?"

मीही त्यांच्याजवळ कान देऊन उभा राहिलो.