दादाचा शेवटचा कौल

माझा दादा देवीच्या उत्तराची वाट बघत मेला.

आज त्याची तिथी. दरवर्षी कोणीतरी विचारतं, नेमकं झालं काय होतं गं? यंदा लिहूनच टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको. नुसते हात जोडलेले इमोजी टाकून पुढे जाऊ नका, वाचा.

भिवंडीजवळ राहनाळच्या पुढे आमचं गाव. गावदेवीच्या देवळातली पूजा आमच्या घराण्याकडे. आई लवकर गेली, मग वडीलही गेले. तेव्हा दादा नुकता मिसरूड फुटलेला, मी शाळेत. तेव्हापासून देवीचं सगळं आम्ही दोघं भावंडं करायचो.

झाडलोट, दिवा, फुलं माझ्याकडे.
पूजा आणि कौल त्याच्याकडे.

बाहेरच्यांसाठी सांगते. देवीच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावून तगरीचं एकेक फूल चिकटवायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मधे हात लावायचा नाही. वारा लागू नये म्हणून दारसुद्धा लोटून घ्यायचं.

हसू नका. आमचं अख्खं घर त्या दोन फुलांवर चाललं.

ऐंशीच्या दशकात गावातली पोरं एकेक करून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला लागली. दादाने कौल लावला, उजवं पडलं, तोही लागला. पहाटे पूजा, मग भिवंडीत दिवसभर ड्युटी. घरी यायचा तो केसांत कापूस घेऊनच.

मला अंबाडी गावचं स्थळ आलं. मुलगा देखणा, मला एकदम पसंत. डावं पडलं. मी रुसून जेवण सोडलं. दादा ताट घेऊन समोर बसून राहिला.

पुढे कळलं, तो मुलगा दारू पिऊन बायकोला मारतो. झालं, त्या दिवसापासून मीही पक्की झाले. आई, म्हणजे आमची देवी, चुकत नाही.

नव्वद उलटून गेल्यावरची गोष्ट. दादाच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. सरळ उभं राहता येईना. भिवंडीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन करा, थांबू नका.

मी रिक्षा उभीच ठेवलेली. दादा म्हणाला, आधी घरी. आईला विचारल्याशिवाय पोट फाडून घ्यायचं नाही.

फुलं लावली. भिंतीला धरून त्याने गाऱ्हाणं घातलं.

एकही फूल पडलं नाही.

दुपार गेली, संध्याकाळ झाली. दादा देवळातच चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. फूलच पडलं नाही, असं याआधी कधी झालंच नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, आई गप हाय म्हंजे तिनं आपल्यावर सोडलंय. चल."

तो म्हणाला, "गप हाय म्हंजे थांब सांगते, बाय."

देवी एकच, विश्वासही दोघांचा सारखाच. मी हट्ट केला, रडले, शिव्यासुद्धा घातल्या. ऐकेल तर शप्पथ.

आणि सकाळी त्याचं दुखणं थांबलं.

एकदम थांबलं. उठून बसला, घाम पुसला, चहा मागितला. मला म्हणाला, "बघ, आईनं उतरवलं. आता फूल कशाला पाडंल ती?"

मी लोटांगण घातलं. नारळ फोडला, अख्ख्या आळीत गूळखोबरं वाटलं. इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. नंतरही नाही.

संध्याकाळी ताप भरला. पोट लाकडासारखं कडक. या वेळी मी कोणालाच विचारलं नाही. चार माणसं बोलावली आणि त्याला उचलून टेम्पोत घातला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. विचारलं, मधे दुखायचं थांबलं होतं का? मी म्हटलं, हो, सकाळी. ते म्हणाले, तेव्हाच अपेंडिक्स फुटलं असणार. फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं.

आणि मी त्याचा प्रसाद वाटला होता.

ऑपरेशन केलं त्यांनी. दादा शुद्धीवर आलाच नाही.

सुतकात देवळात जायचं नाही. शेजारची काकी उंबऱ्याबाहेर दिवा ठेवायची. कौल लावलेला, म्हणून आत कोणी गेलं नाही. सुतक फिटल्यावर मीच दार उघडलं.

दोन्ही फुलं खाली पडलेली. सुकून तपकिरी झालेली. आधी उजवं पडलं की डावं, कोण सांगणार?

त्या दिवशी मी देवीला नको नको ते बोलले. ती तेव्हाही गपच.

पूजा मात्र सोडली नाही. बाईने गाभाऱ्यात जायचं का, म्हणून गावात मीटिंग झाली. मी म्हटलं, बरं, पहाटे उठून तुम्ही या. कोणी आलं नाही.

लोक विचारतात, एवढं होऊन तू तिची सेवा करतेस कशी? मला नाही माहीत. काम दोघांचं होतं, एक जण अर्ध्यावर टाकून गेला, म्हणून दुसरीने करायचं. एवढंच मला कळतं. राग आहेच. पण देवीला रागारागानेही आंघोळ घालता येते.

कौल लावत नाही. परवा शेजारची सून तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली, कौल लाव म्हणाली. तिला तशीच रिक्षात बसवली आणि दवाखान्यात नेली. पोर बरं आहे.

दादा, आज सकाळी तगरीचं एक फूल तुझ्या नावाने आणलं.

खांद्याला नाही लावलं. पायाशी ठेवलं.

विचारलं काहीच नाही.

नमस्कार करते, दादा.
तुझी बाय.