नऊ फॉर्म आणि एक जीभ

"थांबा. अजून येतंय."

चमचा तोंडात गेला की मामा डोळे मिटायचे, तोंड खिडकीकडे वळवायचे, जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज काढायचे आणि एवढंच म्हणायचे. पदार्थ करणारी विद्यार्थिनी, तिचे सर आणि मी विभागप्रमुख, सगळे श्वास रोखून उभे. मग सावकाश निकाल यायचा. "मीठ मागून येतंय." किंवा, "टोमॅटो कच्चा तोडलाय, घरात पिकवलाय." चौकशी केली की तसंच निघायचं.

कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. तुमच्याही कॉलेजात एक मामा असणार. आमचे मामा प्रयोगशाळेत होते. शेतातून निघालेल्या मालाचं पुढे काय करता येईल, यावर आमच्याकडे संशोधन चाले: द्राक्षाचे बेदाणे, टोमॅटोचं केचप, कांद्याची पूड. मामांचं काम बशा धुण्याचं आणि फरशी पुसण्याचं. निदान कागदोपत्री.

मी नोकरीला लागले तेव्हा वय सव्वीस, डिग्री ताजी आणि अक्कल कच्ची. तेव्हाचा एक फोटो आहे. नात तो पाहून विचारते, "आजी, तू कुणाला रागवतेयस?" कुणाला नाही गं, मी विद्वान दिसतेय. डोळ्यांवर चष्मा आहे, तोही बिनानंबरचा. तर ही बाई चव मोजायला निघाली होती. सुताराकडून प्लायवूडचे नऊ खण करून घेतले. पदार्थाचा रंग कळू नये म्हणून प्रत्येकात लाल दिवा. प्रत्येक खणात एक सुशिक्षित माणूस आणि त्याच्यापुढे एक फॉर्म: एक म्हणजे अजिबात आवडले नाही, नऊ म्हणजे अतिशय आवडले.

मामांनी दारातून विचारलं, "मॅडम, मी बसू का दहावा?"

"मामा, हे शास्त्र आहे," मी म्हणाले. चष्माही वर ढकलला असणार.

पहिल्या दिवशी द्राक्षाचा जॅम होता. नऊही सुशिक्षितांनी नऊपैकी नऊ गुण दिले. फुकटचा जॅम, दुसरं काय देणार? मामा बशा धुता धुता बोट लावून चाखत होते. "मॅडम, त्या दोनशे चौदा नंबरच्या बशीतला जॅम, त्याची कढई लागलीय." जॅम करणारीला बोलावलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, थोडंसं खाली लागलं होतं, पण तिने वरचा वरचा काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी एक सुशिक्षित उठला आणि त्याच्या खणात मामा बसले.

त्यानंतर माझे निकाल कसे सुरेख येऊ लागले! नऊ माणसं, पण मतभेद म्हणून नाही. वाटलं, आपण माणसं तयार केली. खण पुढून उघडे होते, मामांचा 'टक्' सगळ्यांना ऐकू जायचा, त्यांची मान हलली की दिसायची आणि मगच बाकीच्या आठ पेन्सिली चालायच्या, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, कळत नव्हतं. माझा प्रबंध तपासणारे परीक्षक म्हणाले, "बाई, एवढं एकमत तर एका घरातल्या माणसांत नसतं." मी ते कौतुक समजले आणि घरी येऊन पेढे वाटले.

आमची एक गंमत होती. दर एक एप्रिलला मी साखरेच्या पाण्यात रंग घालून पेला मामांपुढे धरायची. "नवीन द्राक्षरस, मामा." मामा गंभीरपणे टक् करायचे आणि म्हणायचे, "द्राक्ष कुठंय मॅडम? बागेतच राहिलं का?" इतकी वर्षं तोच विनोद. पण आम्ही दोघंही दर वर्षी नव्याने हसायचो.

साथीच्या दुसऱ्या लाटेत मामा आजारी पडले. बरे होऊन आले तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. पुढच्या एक एप्रिलला मी पेला पुढे केला. मामांनी डोळे मिटले. टक् केलं. मग डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"द्राक्ष छान आहे, मॅडम."

मी खो खो हसले. वाटलं, या वर्षी मामांनी विनोद माझ्यावरच उलटवला. तेही हसले. माझ्यापेक्षा जरा उशिरा.

मामा सायखेड्याचे. त्यांच्या भावजयीने तिथं अकरा बायांचा बचत गट उभा केला होता. त्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी तळलेल्या कांद्यावर काम करत होती: पाकिटात बंद केला तर किती महिने चांगला राहतो? मामांनीच सुचवलं, आमच्या बायांना शिकवा. बायांनी कांदा कापायचं मशीन आणलं, घरच्यांचा विरोध पत्करून कामाला लागल्या. इकडे दर महिन्याला एक पाकीट फोडायचं, नऊ जणांनी चाखायचं. मामा दर वेळी मान हलवायचे. "बरं आहे." चार महिने टिकतो, असं मी सही करून लिहून दिलं. स्वतः चाखलं नाही. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, आणि मामा होते की.

एक दिवस भावजय चार बायांना घेऊन प्रयोगशाळेत आली. बरोबर खोकी होती. तिने एक पाकीट माझ्या टेबलावर फोडलं. खवट तेलाचा वास दारापर्यंत गेला.

"मॅडम, दुकानदारानं समदा माल परत धाडला. गिऱ्हाइकांनी पाकिटं त्याच्या अंगावर फेकली म्हणे." मग ती मामांकडे वळली. "भावजी, तुमी चाखलं व्हतं ना?"

"चाखलं होतं."

"मंग?"

मामांनी पाकीट उचलून नाकाशी धरलं. डोळे मिटले. सवयीने आम्ही सगळे थांबलो.

"काही येत नाही, वहिनी," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं."

"आन् बोलला नाय?" तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "तुमचं नाव सांगून मी या बायांना घराबाहेर काढलं, भावजी. आता त्यांच्या सासवांना काय सांगू?"

"बोललो असतो तर इथं मी कोण उरलो असतो, वहिनी? बशा धुणारा."

मी चाखायला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर ओरडले, "तुम्हाला एकालाही वास आला नाही?"

एक मुलगी म्हणाली, "मला आला होता, मॅडम. पण मामांनी मान हलवली. वाटलं, माझंच नाक बिघडलंय." दुसऱ्याने मान खाली घातली, मग तिसऱ्याने, मग सगळ्यांनीच. पुन्हा एकमत.

त्या संध्याकाळी मी जुना प्रबंध काढून बसले. सगळे तक्ते एका जिभेचे होते. आभाराच्या पानावर सुताराचंसुद्धा नाव आहे, मामांचं नाही. आणि तरी दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिलं, 'साठवणुकीतील दोष.' म्हणजे दोष बायांचा. मामांची अब्रू वाचवली, असं मी स्वतःला सांगितलं. वाचवली मी माझीच. सव्वीस वर्षांच्या त्या चष्मेवालीला हसते खरी, पण ती निदान अडाणी होती.

मामा मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी गेले. ते वारले, त्यालाही आता दोन पावसाळे झाले. त्याआधी मी एकदाच सायखेड्याला जाऊन आले. ओट्यावर कांदा कापायचं मशीन ताडपत्रीखाली होतं, त्यावर कोंबडी बसली होती. अहवालाचं सांगून माफी मागायची, असं ठरवून गेले होते. बोलले हवापाण्याचं. भावजय त्याच घरात, पण मामांशी बोलत नव्हती. आमच्यापुढे चहा ठेवून आत गेली. थोड्या वेळाने आतून चर्र आवाज आला.

"मॅडम, आत काय चाललंय?"

"कांदा तळतायत."

"लाल झाला का?"

मी वास घेतला. "होत आलाय."

मामांनी डोळे मिटले. तोंड दाराकडे वळवलं. टक्.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबले. कांदा लाल झाल्याचा गोडसर वास आला, मग तो दाटला, मग कडवट झाला. भावजय हातात झारा घेऊन उंबऱ्यात येऊन उभी होती, मामांच्या चेहऱ्याकडे बघत. आत कढई लागत होती. तिघांपैकी कुणीच हललं नाही.